करड्या ठिपक्याची गोष्ट

दिवाळी अंकासाठी यंदा कशावर लिहिणार, अशी विचारणा झाली तेव्हा मी 'व्हिडिओ गेमच्या डब्यांवर' असे उत्तर दिले आणि दूरध्वनीवर पलीकडे काही क्षण शांतता पसरली. मराठीचा अध्यापक म्हटला की त्याने संतांवर लिहावे, पंतांवर लिहावे, फारच मोकळेपणा दाखवायचा तर तंतांवर लिहावे. पोरासोरांच्या त्या टुणटुणणाऱ्या डब्यांच्या वाटेला त्याने जाऊ नये, असा एक समज आहे. पण वाचकहो, मी त्या वाटेला गेलो तो संतांचेच बोट धरून.

अभंगाच्या शेवटी कवी आपले नाव ओवतो. 'नामा म्हणे', 'जनी म्हणे', 'तुका म्हणे'. याला आपण नाममुद्रा म्हणतो. हा भाग शिकविताना वर्गातले एखादे चुणचुणीत पोर दरवर्षी विचारतेच, "सर, ज्यांनी घरदार, संसार, सगळे विठ्ठलाच्या पायी वाहिले, त्यांना नाव तेवढे का सोडवले नाही?" मी परीक्षेला पुरेल इतके उत्तर देतो आणि पुढच्या कवीकडे वळतो. या प्रश्नाने मला खरे पछाडले ते एका अमेरिकन खेळातल्या गुप्त खोलीमुळे. त्या खोलीत आपल्याला जायचेच आहे. पण वाट आमच्या गावावरून जाते.

पालघरहून पुढे निघून बोईसरला उतरलात आणि समुद्राच्या दिशेने चालू लागलात की आधी औद्योगिक वसाहतीची धुरांडी लागतात आणि पार किनाऱ्याला तारापूरचे अणुविद्युत केंद्र. भारतातले हे पहिले अणुवीज केंद्र १९६९ च्या ऑक्टोबरात रीतसर सुरू झाले. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधून दिल्या. तेव्हापासून आमच्या भागातल्या माणसाला अणूचे कौतुक नाही आणि भीतीही बेताचीच. कोणाचा मामा तेथे नोकरीला असतो, कोणाची आत्या तेथल्या कॉलनीत राहते. तेव्हा पडद्यावरचा खेळ जन्मला तोही एका अणुशास्त्राच्या प्रयोगशाळेत, हे वाचले तेव्हा मला आपल्याच आळीतल्या कोणाची तरी बातमी छापून आल्यासारखे वाटले.

ती प्रयोगशाळा न्यूयॉर्कजवळची ब्रुकहेवन. तेथे विल्यम हिगिनबॉथम नावाचे शास्त्रज्ञ होते. महायुद्धाच्या काळात लॉस अलामोस येथे अणुबाँबच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर त्यांनी काम केले होते, आणि युद्ध संपताच अण्वस्त्रांना आवर घाला म्हणणाऱ्या शास्त्रज्ञांची जी संघटना उभी राहिली तिच्या संस्थापकांत ते होते. वर्षातून काही दिवस ही प्रयोगशाळा गावकऱ्यांना पाहायला खुली असे. लोक येत, तक्ते पाहत, जांभया देत, निघून जात. १९५८ च्या ऑक्टोबरात हिगिनबॉथमनी पाच इंची ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर एक टेनिसचे मैदान काढले, कडेने दिसते तसे : एक आडवी रेघ, मधे जाळ्याची उभी रेघ, आणि उडणारा एक ठिपका. हातात एक फिरवायची कळ आणि एक बटण. लोकांनी रांगा लावल्या. पुढच्या वर्षी त्यांनी त्यात आणखी एक गंमत घातली. चंद्रावर टेनिस खेळले तर चेंडू कसा तरंगेल आणि गुरू ग्रहावर कसा धपकन पडेल, तेही दिसू लागले. मग प्रदर्शन संपले, यंत्र सुटे करून त्याचे भाग दुसऱ्या कामाला वापरले, आणि हिगिनबॉथमनी त्याचे पेटंटही घेतले नाही. करण्यासारखे काही विशेष केले असे त्यांना वाटलेच नाही.

घराघरांतल्या दूरदर्शन संचाला जोडायचा पहिला डबा त्यानंतर चौदा वर्षांनी, १९७२ मध्ये, बाजारात आला. नाव मॅग्नाव्हॉक्स ओडिसी. कल्पना राल्फ बेअर यांची. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हते. रंगांसाठी काचेवर प्लॅस्टिकचा चित्रित कागद चिकटवायचा. त्यात जी कार्डे खुपसावी लागत त्यांच्यात खेळ साठविलेला नसेच. आतल्या तारा कशा जोडायच्या तेवढेच ती सांगत, म्हणजे विजेच्या बटणपट्टीची ती एक थोरली बहीण. या डब्यावर मी अधिक रेंगाळत नाही, कारण गुप्त खोली जवळ आली आहे.

अटारी कंपनीने १९७७ साली आपला प्रसिद्ध डबा काढला. त्याचे खेळ एकेकटा माणूस लिही. कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाज त्याचे, आकडेमोड त्याची. आणि खोक्यावर नाव कंपनीचे. लेखकाचे नाव न छापता कादंबरी विकावी तसा हा व्यवहार. नाव कळले तर दुसरी कंपनी माणूस पळवील, आणि त्याला स्वतःलाही आपली किंमत कळेल, ही धाकधूक. चौघे जण वैतागून बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी ॲक्टिव्हिजन नावाची स्वतःची कंपनी काढली. त्यांच्या खेळांच्या वेष्टनावर मग लेखकाचे नाव पुस्तकासारखे छापले जाऊ लागले. पण वॉरन रॉबिनेट नावाच्या तरुणाने निराळा मार्ग काढला.

तो 'ॲडव्हेंचर' नावाचा खेळ लिहीत होता. किल्ले, भुयारे, चक्रव्यूह, अंगावर धावणारे ड्रॅगन आणि शेवटी एक मंतरलेले पात्र. हे सगळे चार किलोबाइटांत बसवायचे. चार किलोबाइट म्हणजे, वाचकहो, या लेखातला एखाददुसरा परिच्छेद त्यात जेमतेम मावेल. एवढ्या चिंचोळ्या जागेत त्याने कोणाला न सांगता एक जादा खोली बांधली. काळ्या किल्ल्यातल्या चक्रव्यूहात एक कोंडलेला कोपरा आहे. पूल टाकल्याशिवाय तेथे पोहोचता येत नाही. त्या कोपऱ्यात एक ठिपका पडलेला असतो. पडद्यावर जितका लहान ठिपका काढता येतो तितका लहान, आणि रंग जमिनीचाच, करडा. दिसणारच नाही असा. तो उचलायचा, सोनेरी किल्ल्याजवळच्या एका दालनात न्यायचा, तेथे आणखी दोन वस्तू आणून ठेवायच्या. म्हणजे भिंतीची रेघ लुकलुकू लागते आणि तिच्यातून पलीकडे जाता येते. पलीकडच्या खोलीत काही नाही. ना शत्रू, ना खजिना. उभ्या अक्षरांत, रंग पालटत, एक ओळ झळकत असते : हे वॉरन रॉबिनेटने निर्मिले.

रॉबिनेटने हे गुपित कोणालाही सांगितले नाही. खेळ बाजारात येण्याआधीच तो कंपनी सोडून गेला. पुढे सॉल्ट लेक सिटीच्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने कंपनीला पत्र लिहिले, की मला तुमच्या खेळात एक खोली सापडली आहे. साहेबलोकांची धांदल उडाली. पण ती ओळ काढून टाकायची तर सगळा माल नव्याने घडवावा लागणार, खर्च मोठा. तेव्हा एका शहाण्या अधिकाऱ्याने सुचविले, राहू द्या. ईस्टरच्या सणाला बागेत रंगीत अंडी लपवितात आणि मुलांना शोधायला लावतात, तसे हे समजू. तेव्हापासून खेळांत लपविलेल्या गोष्टींना 'ईस्टर एग' हेच नाव पडले. मला वाटते, आपण त्याला नाममुद्रा म्हटले असते आणि ते अधिक नेमके झाले असते. अंडे शोधणाऱ्यासाठी लपवितात. रॉबिनेटची ओळ कोणी शोधली नसती तरी तिचे काम झालेले होते.

जपानात काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचा लाल-पांढरा डबा विक्रीस आणला. आमच्या पिढीने पुढे जे काही खेळले त्याचा हा मूळ पुरुष. त्याच्या दुसऱ्या रिमोटमध्ये चक्क एक ध्वनिग्राहक होता. एका खेळातले लांबकाने राक्षस नुसते ओरडून मारता येत! जपानी कंपन्यांनी नावे द्यायला मोडता घातला नाही, पण पुष्कळदा ती टोपणनावे असत. १९८६ च्या 'झेल्डा' या खेळाच्या शेवटी शिगेरू मियामोतो यांचे नाव 'मियाहोन' असे येते. लिपीतली चिन्हे तीच. दुसरे चिन्ह निराळे वाचले की 'मोतो'चे 'होन' होते. संगीतकार कोजी कोंडो हे 'कोनचान' होतात. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज यांच्या भाषेत वाढलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये. मात्र आपल्या कवींनी ती नावे हौसेने घेतली. यांच्यामागे माणूस पळवून नेणाऱ्यांची भीती होती.

आता आमच्या पालघरकडे वळतो. हा डबा आमच्याकडे आला तो १९९० नंतर, आणि स्वतःच्या नावाने आलाच नाही. समुराई, लिटल मास्टर, आणखी कितीतरी नावे. त्यांतले बहुतेक तैवान-चीनकडचे जुळे भाऊ. बाहेरून डबा वेगळा, आत तीच विद्या. आम्ही त्याला 'टीव्ही गेम' म्हणत असू आणि आत खुपसायच्या चौकोनी पेटीला 'कॅसेट'. आळीत एखाद्याच घरी तो असे. त्या घरच्या मुलाचा मे महिन्यात जो मान असे तो पुढे मी कोणा कुलगुरूंचाही पाहिला नाही. शेजारी अणुवीज केंद्र आणि घरात दर दोन दिवसांनी मेणबत्ती, ही आमच्याकडची मौज; मारिओ शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोहोचला की वीज हटकून जाई, आणि आली की त्या गरिबाला पहिल्या पायरीपासून चालू लागावे लागे.

कॅसेटवर छापलेले असे, '९९९९९९ इन १'. नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव खेळ! प्रत्यक्षात असत दहा-वीस. 'मारिओ', 'कॉन्ट्रा', 'सर्कस', रणगाड्यांचा खेळ, बदके मारण्याचा खेळ. मग पुन्हा मारिओ, पण तिसऱ्या पायरीपासून. पुन्हा कॉन्ट्रा, पण निराळ्या बंदुकीने. कीर्तनकाराने एकच आख्यान सात गावांत सात नावांनी लावावे, तसला हा प्रकार. पण या चलाखीबरोबर आणखी एक गोष्ट झालेली होती आणि ती कळायला आम्हांला वीस वर्षे लागली. नक्कल करणाऱ्यांनी खेळाच्या पहिल्या पानावरून कंपनीचे नाव आणि साल खरवडून काढलेले असे. हे खेळ कोणी केले, कुठल्या देशात केले, याचा पत्ता आम्हांला नव्हता. पाऊस पडतो तसे ते पडतात, इतकेच आम्ही धरून चाललो होतो.

आणि तरीही एका माणसाचे अक्षर त्या खरवडण्यातून वाचले. वर वर, खाली खाली, डावे उजवे, डावे उजवे, बी, ए. चाळिशीतल्या कोणत्याही वाचकाला मध्यरात्री उठवून विचारा, तो हे पाढ्यासारखे म्हणून दाखवील. 'कॉन्ट्रा' सुरू होण्यापूर्वी ही बटणे याच क्रमाने दाबली की तीन जिवांचे तीस जीव होत. हा मंत्र कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांचा. १९८६ मध्ये 'ग्रॅडियस' नावाच्या खेळाची ते तपासणी करीत होते. खेळ इतका कठीण की स्वतः त्यांनाच तो शेवटपर्यंत नेता येईना, म्हणून त्यांनी आपल्या सोयीसाठी ही चोरवाट केली आणि ती बुजवायची राहून गेली. रंगाऱ्याने घर रंगवून झाल्यावर शिडी तेथेच विसरावी, आणि पुढे दोन पिढ्यांच्या पोरांनी तिच्यावरून गच्चीवर जावे! हाशिमोतो २०२० साली वारले. आमच्याकडे हा मंत्र कोणत्या पुस्तकात छापून आला नव्हता. वसईच्या मावसभावाकडून, डहाणूच्या लग्नात भेटलेल्या पोराकडून, तोंडातोंडी आला. जात्यावरच्या ओव्या अशाच आल्या, असे मी वर्गात सांगतो तेव्हा मुले पहिल्यांदा मान वर करून पाहतात.

गेल्या पावसाळ्यात घरातून फर्मान निघाले, की माळ्यावरचा तो डबा एक तर चालू करा, नाही तर भंगारात द्या. मी तो बोईसर स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. हा गृहस्थ आता मोबाईल दुरुस्त करतो. पण वडिलांच्या वेळेपासून टीव्ही, टेपरेकॉर्डर असे सगळे या दुकानात उघडले गेले आहे. त्याने स्क्रू काढले. आत एवढीशी हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबराचा थेंब पडावा तसा एक काळा टिळा. सगळे यंत्र त्या टिळ्याखाली. चिपवर नाव नाही, क्रमांक नाही. "हे उघडत नाही, सर," तो म्हणाला. "फोडले तर मेले."

बिघाड तेथे नव्हताच. कॅसेट ज्या फटीत बसते तेथल्या पितळी पिना हिरव्या पडल्या होत्या. आपण सर्वांनी लहानपणी कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारली आहे, आणि ती चालली म्हणून फुंकरीवर श्रद्धाही ठेवली आहे. खरे असे की चालत असे ती काढून पुन्हा बसविल्यामुळे. घासून पिना जुळत. फुंकरीतला ओलावा उलट त्यांना गंज चढवी. निन्टेन्डो कंपनीनेही आपल्या ग्राहकांना फुंकू नका असे बजावले होते. तारापूर-चिंचणीच्या खाऱ्या वाऱ्यात तर लोखंडी खिडकी टिकत नाही, तेथे या पिनांची काय कथा! त्याने कापसाच्या बोळ्याला अल्कोहोल लावून पिना पुसल्या. मग झाकण लावण्याआधी ते उलटे करून मला दाखविले. आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले होते, 'पिन साफ', पुढे १९९७ सालातली एक तारीख आणि दोन अक्षरे. अक्षरे त्याच्या वडिलांची. त्याखाली त्याने आजची तारीख घातली आणि स्वतःची दोन अक्षरे.

"गिऱ्हाईक हे कधी बघत नाही ना?" मी विचारले.

"गिऱ्हाइकासाठी नाहीच, सर. उद्या दुसऱ्या कोणी उघडला तर त्याला कळायला पाहिजे, आधी कोणाचा हात लागलाय."

नाममुद्रेचे याहून चांगले विवेचन मी समीक्षेत वाचलेले नाही.

आमच्या जिल्ह्यात याची दुसरी बाजूही आहे. वारली घरांत लग्नाचा चौक सवाष्णी भिंतीवर काढतात. गेरूवर तांदळाच्या पिठाने, मधे पालघट देवी. त्या चौकाखाली कोणीही सही करीत नाही. तो देवीचा आणि त्या लग्नाचा. पुढे हे चित्र भिंतीवरून कागदावर आले, बाजारात आले, आणि तेव्हा त्याच्या कोपऱ्यात नावेही आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचे नाव सातासमुद्रापार गेले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. नाव नसणे हे नेहमीच अन्याय असते, असे म्हणूनच मला म्हणवत नाही. भिंत आपल्याच घरची असेल तर सही कशाला? वस्तू दुसऱ्याच्या नावाने विकायला निघाली की मग मात्र हात शिवशिवतो.

बोईसरच्या कारखान्यांत रात्रपाळी करून सकाळच्या तासाला डोळे चोळीत बसणारी मुले माझ्या वर्गात असतात. रॉबिनेटची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "आमच्या मालावर पण असते, सर. बॅच नंबर. त्यावरून कुठली पाळी, कुठले मशीन, सगळे कळते." मी म्हणालो, वा, म्हणजे नाव आहेच की. तो हसला. "हो, पण तक्रार आली तरच बघतात."

यावर मला काही बोलता आले नाही. मी हजेरी घेतली.

या डब्यांनी खेळणाऱ्याचीही नोंद कोठे कोठे ठेवली आहे. प्लेस्टेशन टू, जो २००० साली निघाला आणि पुढे आपल्याकडेही पुष्कळ घरांत दिसला, तो चालू करताच अंधारात काही खांब उभे दिसतात. ती केवळ शोभा, असे सर्वांना वाटे. प्रत्यक्षात ते मेमरी कार्डातल्या नोंदीवरून उभे राहत. जो खेळ अधिक वेळा खेळला त्याचा खांब अधिक उंच. मुलगा परीक्षेच्या महिन्यात काय करीत होता याचा तो शिलालेखच. पण तो वाचता येत नसल्यामुळे कित्येक पालकांची आणि मुलांची मनःशांती टिकून राहिली.

पण लपविलेल्या नावांत मला सर्वांत हलवून गेले ते अलीकडचे. सातोरू इवाता हे मूळचे साधे प्रोग्रॅमर. निन्टेन्डोचा १९८४ सालचा 'गोल्फ' हा खेळ त्यांनी लिहिला होता. पुढे २००२ साली ते त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले, आणि ११ जुलै २०१५ रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, वारले. २०१७ च्या मार्चमध्ये कंपनीचा 'स्विच' हा नवा डबा आला. काही महिन्यांनी खटपट्या लोकांना त्याच्या पोटात तो जुना 'गोल्फ' सापडला. तो उघडायचा कसा? डब्याच्या घड्याळात ११ जुलै ही तारीख असली पाहिजे, दोन्ही हातांत रिमोट धरले पाहिजेत, आणि इवाता प्रेक्षकांशी बोलताना 'थेट तुमच्यासाठी' म्हणून दोन्ही हातांनी जी खूण करीत तीच हातांनी केली पाहिजे. कंपनीने याचा गाजावाजा केला नव्हता. लाखो घरांत एक श्राद्धतिथी कोणाला न कळता ठेवून दिली होती. बोभाटा झाल्यावर पुढच्या एका सुधारणेत तो खेळ काढूनही टाकला.

असो. ज्यांच्या माळ्यावर असा डबा आहे त्यांनी तो भंगारात देण्यापूर्वी एकदा पिना पुसून पाहावा. कॅसेटमध्ये फुंकर मात्र घालू नये. बंदूक असेल तर तिला जुना, पाठीमागे पोट सुटलेला टीव्ही हवा. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो; बंदुकीच्या नळीतला डोळा तेवढे पाहतो. म्हणजे बंदूक गोळी झाडीत नाही, ती टीव्हीकडे टक लावून पाहते. नव्या सपाट टीव्हीला चित्र दाखवायला किंचित उशीर लागतो, तेवढ्यात तिचा डोळा मिटलेला असतो.

आणि त्या बदकांच्या खेळात एक गोष्ट आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हती, कारण मूळ माहितीपत्रक आमच्यापर्यंत कधी आलेच नाही. पहिला प्रकार लावायचा, ज्यात एका वेळी एकच बदक उडते. बंदूक एकाच्या हाती असताना दुसऱ्याने रिमोटची बाणांची बटणे दाबली तर बदक तो म्हणेल तिकडे वळते. या दिवाळीत फराळ झाल्यावर करून पाहावे. बंदूक आजोबांकडे द्यावी, रिमोट नातीकडे. बदक कोण उडवीत आहे हे मात्र पहिले दोन डाव आजोबांना सांगू नये.